प्रार्थनेला बसलं की काहीच वाटत नाही, मग बळ कुठून आणायचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, आईचं आजारपण चालू आहे, रोज प्रार्थना करता पण आतून सगळं कोरडं आहे, अन् चर्चमधले लोक म्हणतात विश्वास कमी पडतोय. ख्रिस्ती माणूस अशा वेळी देवाकडून बळ कसं घेतो, असा तुमचा प्रश्न. मी काही पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, आमच्या घरात जे झालं तेवढं सांगतो.

आम्ही जालन्याकडचे. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली, तिचं नाव बेथेल. बायबलमधला याकोब घरातून पळाला अन् उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला, त्या जागेचं हे नाव. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं, पण तो तेव्हा पळत होता हे डोक्यात कधी शिरलंच नाही.

2012-13 च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग गेली. वडिलांनी लेकरासारखी वाढवलेली झाडं, आधी टँकर विकत घेऊन जगवली, मग टँकरचे पैसे संपले, मग उधारी, अन् शेवटी करवत लावून लाकूड जळणाला विकलं. झाडं तुटायलेत अन् वडील तिकडं बघायलाच तयार नाहीत, खाली बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळायलेत, एकेक नळी फडक्यानं पुसून. मी म्हणलं बाबा, आता काय करायच्या त्या, तर काहीच बोलले नाहीत.

त्या रात्री कुटुंब प्रार्थनेला त्यांनी बायबलमधल्या हबक्कूकच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. त्यात शेवटी आहे ना, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. तर वडील गोठ्यापर्यंत आले अन् थांबले. "तरी" म्हणून पुढचं जे आहे ते वाचलंच नाही. "आज एवढंच," म्हणाले, पुस्तक मिटलं. आईनं भाकरी वाढल्या.

मला तेव्हा लई राग आला होता, वाटलं की ह्यांचा विश्वास संपला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तोच अध्याय, पुन्हा गोठ्यापाशी ब्रेक. असं बरेच दिवस चाललं. माणूस देवासमोर खोटं बोलायला तयार नव्हता पण बसायचंही सोडत नव्हता. तुम्ही कोरडेपणानं का होईना रोज बसताय ना, मग मी तुम्हाला कमी विश्वासाचा म्हणणार नाही.

अन् तक्रार करायला घाबरू नका. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र उघडून बघा, पहिल्या दोन ओळींत चार वेळा विचारलंय, कुठवर? 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. 22 व्याची पहिली ओळ खुद्द प्रभू येशू वधस्तंभावर ओरडले. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांचं सोडा, बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्र पण सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते, तोंड उघडलं अन् घाण केली.

बळाचं म्हणाल तर मला तरी ते भावना म्हणून कधी आलं नाही, अंगावर काटा, डोळ्यात पाणी वगैरे. मला बायबलमधला एलीया पटतो, 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो, बस झालं, मरण दे. देव त्याला प्रवचन देत नाही. झोपू देतो. देवदूत हलवून म्हणतो ऊठ, खा, निखाऱ्यावरची भाकर अन् पाणी. तो खातो, परत झोपतो, परत उठवून खाऊ घालतो. चाळीस दिवस चालणं वगैरे नंतर. आमच्याकडं ती भाकर मंडळीतल्या एका म्हातारीनं आणली, जवळपास महिनाभर, डब्यात पिठलं नाहीतर ठेचा, देवाचं नावसुद्धा काढायची नाही, डबा ठेवला की गेली.

म्हणून आधी झोप अन् जेवण सांभाळा. आईचं करता करता तुमचंच जेवण राहतंय का बघा. जगावंच वाटत नाही इथपर्यंत आलं असेल तर 14416 ला फोन लावा, सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, डॉक्टरकडं जाणं म्हणजे अविश्वास नाही. पाळकसाहेबांना सांगायची लाज वाटत असेल तर चर्चमधली अशी एखादी म्हातारी गाठा. त्या बाया कुजबुजत नाहीत. म्हणजे थोडं कुजबुजतात, पण डबा आणतात.

आमचं म्हणाल तर लगेच काही चांगलं झालं नाही, 2014 ला पाऊस नाही अन् 2015 ला पण नाही. वडील "तरी"च्या पुढं कधी गेले ते मला माहीत नाही, मी तेव्हा कामासाठी औरंगाबादला होतो. आईनं फोनवर सांगितलं, "आज बाबानं पूर्ण वाचलं," अन् लगेच विचारलं, जेवलास का.