काम आवडतं, मग रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो?

"मॅडम, मला माझं काम खरंच आवडतं, मग रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा का येतो?" हे मला गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांनी विचारलंय, आणि त्यातले बरेचसे पवई, अंधेरी, लोअर परळच्या स्टार्टअपमधले, की म्हटलं एका मुलीची गोष्ट नीट लिहूनच काढावी. तिला विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला मानसी म्हणू.

मानसी २७ वर्षांची, डोंबिवलीची. पवईतल्या एका कंपनीत आहे, दुकानदारांसाठी हिशेबाचं ॲप बनवतात. ती लागली तेव्हा ऑफिसात ८ जण होते, आता चाळीसच्या वर गेलेत. दादरला माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आली तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि तो इतक्या वेळा थरथरला की सरकत सरकत पाण्याच्या ग्लासला जाऊन टेकला. दर वेळी तिचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मी फोनबद्दल काही बोलले नाही, ग्लास उचलून बाजूला ठेवला.

"मला बर्नआउट झालंय," हे तिचं पहिलं वाक्य. हा शब्द हल्ली फार पटकन वापरला जातो, म्हणून थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा तो आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला, आणि त्यात तीन गोष्टी धरल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मानसी दमलेली होती हे दिसतच होतं, पण मन उडालेलं? अजिबात नाही. कामात आवडतं काय विचारलं तर वीस मिनिटं बोलत होती.

लागल्या लागल्या तिला मुलुंडच्या एका किराणा दुकानात नुसतं बघायला पाठवलं होतं. काका दर वेळी उधारीच्या जागी जमा दाबत होते, कारण दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आणि एकाच रंगाची. तिने संध्याकाळी ऑफिसात सांगितलं आणि दोन दिवसांत बटणं बदलली. "आधीच्या मोठ्या कंपनीत एवढ्यासाठी किती मेल आणि किती मीटिंगा झाल्या असत्या मॅडम, आणि इथे मी सांगितलं आणि झालं!" हे सांगताना तिचे हात हवेत बटणं दाखवत होते. स्टार्टअपमधली मुलं आवडीचं म्हणून जे सांगतात ते बहुतेक हेच असतं, आपलं ऐकतात, लवकर जबाबदारी मिळते, सर-सर करावं लागत नाही. हे सुख खरं आहे, घरच्यांनी त्याला खूळ म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि नावडतं काय? तर वेळ. रात्री ११ ला कॉल, शनिवारी मेसेज. बहुतेक जण हेच सांगतात आणि मीही तेच धरून चालले होते. तरी तिला म्हटलं, दोन आठवडे परतीच्या लोकलमध्ये रोज चार ओळी लिही, आज काय झालं, शरीराला काय जाणवलं, रात्री झोप कशी लागली.

वही वाचताना आम्ही दोघी एका पानावर थांबलो. नवीन फीचर सुरू होणार म्हणून ती रात्री १० पर्यंत ऑफिसात होती, घरी पोचायला बारा वाजले, आणि त्याखाली लिहिलेलं, "मस्त झोपले". त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ती सातला घरी होती आणि रात्रभर जागी. त्या दिवशी तीन आठवडे केलेलं काम एका मेसेजने बंद झालं होतं, "प्रायॉरिटी बदललीये", बस. का बदलली, आता तिने काय करायचं, कोणाला विचारायचं, काहीच नाही. मागे जाऊन बघितलं तर बाकीचे वाईट दिवसही असेच निघाले.

आमच्या विषयात याला रोल ॲम्बिग्विटी म्हणतात, म्हणजे आपल्याकडून नक्की काय अपेक्षित आहे हेच माहीत नसणं. रॉबर्ट कान या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच नोकरीतल्या ताणाचं हे एक मोठं कारण म्हणून मांडलंय. ८ माणसांत सगळ्यांनी सगळं करणं चालून जातं, कारण सगळे एका टेबलाशी बसलेले असतात आणि निर्णय आपसूक कानावर पडतात, चाळीस झाले की निर्णय आतल्या खोलीत होतो आणि बाहेर नुसता मेसेज येतो.

मग सोडत का नाही, यावर ती रडली. आईच्या ऑपरेशनला फाउंडरने न मागता दोन आठवडे सुट्टी दिली होती, स्वतः हॉस्पिटलमध्ये येऊन गेला होता. "आम्ही फॅमिली आहोत म्हणतो तो, मी सोडलं तर कृतघ्न ना?" मी तिला तो उपकार विसर म्हटलं नाही. तो उपकारच होता. पण त्याची परतफेड झोप देऊन करायची का, एवढंच विचारलं.

दुसरी बेडी ईसॉपची, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क. सोडलं तर सगळे शेअर बुडतील असं ती धरून बसली होती, त्याचं कंपनीने दिलेलं पत्र मात्र दोन वर्षांत उघडलं नव्हतं. आम्ही ते समोर ठेवून वाचलं. तिच्या पत्रात ४ वर्षांचं व्हेस्टिंग होतं, म्हणजे हक्क हळूहळू तिच्या नावावर होत जाणार, त्यातला दोन वर्षांचा आधीच झालेला. सोडल्यावर तो किती दिवसांत वापरायचा हे प्रत्येक कंपनीच्या योजनेत वेगळं असतं, आणि शेअर घेताना भरलेली किंमत व बाजारभाव यातला फरक पगारासारखा करपात्र धरतात, म्हणून पुढचं सीएला विचार असं सांगितलं. ते माझं क्षेत्र नाही.

तिसऱ्या भेटीला बाबा आले, बेस्टमधून रिटायर झालेले. मला वाटलं आता बँकेच्या परीक्षेचा विषय निघणार. पण त्यांनी एकच विचारलं, "मनू, तुमच्या कंपनीकडे किती महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत?" तिला माहीत नव्हतं. जिथे ती जीव ओततेय तिथली ही साधी गोष्ट माहीत नव्हती, आणि विचारायचं धाडसही नव्हतं.

तिने विचारलं. सोबत तीन गोष्टी लिहून नेल्या: माझं काम नक्की कोणतं ते लिहून द्या, काम बंद केलंत तर कारण सांगा, आणि रात्री ९ नंतर फक्त माझी पाळी असेल त्याच दिवशी फोन. फाउंडर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ९ महिन्यांचे आहेत, नवीन गुंतवणुकीचं बोलणं चालू आहे. मला वाटलेलं ती घाबरेल, पण त्या रात्री ती झोपली.

पहिली आणि तिसरी गोष्ट झाली. कारण सांगायचं अजून कधी होतं, कधी राहतं. दिवाळीपर्यंत बघायचं असं तिने ठरवलंय, तोवर सीव्ही तयार ठेवलाय आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकतेय. गोळा अजून येतो, पण दर रविवारी नाही. झोप पुन्हा सलग बिघडली किंवा जगणंच नको वाटलं तर भेटीची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, हे मी तिला वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलंय.