‘मला विकता येत नाही हो’

‘माझा माल चांगला आहे, पण मला विकता येत नाही हो.’ हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की समोरचं माणूस खुर्चीच्या कडेवर टेकलं की ते येणार हे मला कळतं. घरगुती पदार्थ करणाऱ्या बायका, क्लास घेणारे शिक्षक, नुकतं दुकान थाटलेले तरुण. प्रत्येकाला कुणीतरी बजावलेलं असतं, रोज एक रील टाका, लाजायचं नाही. ते जमत नाही म्हणजे आपल्यातच खोट, असा समज करून ही मंडळी येतात.

त्यांतल्याच एका ताई. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. डोंबिवलीत घरून भाजणी आणि मेतकूट विकायच्या. मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स करून झाला होता. फोनमध्ये अकरा रील्स तयार होत्या, टाकलेली एकही नव्हती.

आधी माझी चूक सांगते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली. विशीच्या उंबरठ्यावर एलिसला अनोळखी मुलींशी बोलायची भयंकर भीती होती. म्हणून तो न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जात राहिला आणि बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक जणींशी बोलला. भेटायला येते म्हणाली एकच, तीही आली नाही. भीती मात्र पळाली. ही गोष्ट मी येईल त्याला सांगते, खरं सांगायचं तर जरा जास्तच. ताईंनाही सांगितली आणि गृहपाठ दिला: पुढच्या प्रदर्शनात स्टॉलच्या पुढे उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची.

त्यांनी तीनही दिवस ते केलं. विक्रीही बरी झाली. मी खूश. त्या मात्र गप्प.

‘भीती वाटली का?’
‘भीती दुसऱ्या दिवशीच गेली. पण त्यानंतर नऊ दिवस मी कढई काढली नाही. भाजणीचा वासच नको झाला.’

हे ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. भीती गेली होती आणि तरी माणूस रिकामं झालं होतं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंगने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली, ती मी अनेक वर्षं शिकवत आलेय. तरी समोर बसलेल्या बाईचा स्वभाव मी भीतीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. भीती असेल तर तिच्यातून चार वेळा गेल्यावर ती विरते. स्वभावाविरुद्धचं काम शंभर वेळा जमलं तरी दमवतंच. आता मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारते: काम नीट झालं त्या रात्री तुम्हाला कसं वाटलं? हलकं, की पिळून काढल्यासारखं?

पुढच्या भेटीत विक्रीचा विषयच काढला नाही. सहज विचारलं, भाजणीत बाजरी किती घालता?

पुढची वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ आणि उडीद एका वेळी होत नाहीत. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून पावसाळ्यात ती कमी. धणे शेवटी, कढई उतरवल्यावर, तिच्याच धगीवर. बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. पहिल्यांदाच.

‘हे गिऱ्हाइकांना सांगता?’
‘छे! कोण विचारतंय?’
‘आणि लिहून दिलं तर?’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘लिहायला काय, लिहीन की.’

पुढच्या खेपेपासून प्रत्येक पुडीत हाताने लिहिलेली चिठ्ठी जाऊ लागली. आठवड्याने ज्याच्या त्याला एकच निरोप: थालीपीठ कसं झालं? ज्यांना बोलण्यापेक्षा विचारणं सोपं जातं, त्यांनी विचारावं. माझ्याकडे येणारा एक गॅरेजवाला गाडी परत देताना काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. तोंडातून दोन शब्द निघत नाहीत, पण गिऱ्हाईक तुटत नाही. उलट एका गप्पिष्ट मुलाला मी सुबक कॅटलॉग करत बसण्यापासून अक्षरशः उठवलं आणि बाजारात उभं केलं. रील त्याच्यासाठीच असतात. तुम्ही न दमता काय करता, तिथून सुरुवात करा. शेजारचा काय करतो ते नंतर बघू.

मात्र ‘माझा स्वभावच असा’ म्हणत सगळ्यातून सुटता येत नाही. भाव विचारला की ताई म्हणायच्या, ‘द्या काय द्यायचं ते.’ तो स्वभाव नव्हता, ती भीतीच होती. नाही म्हणतील, महाग म्हणतील. तिथे मी पुन्हा एलिसकडेच गेले, आणि या वेळी बरोबर गेले. गृहपाठ एवढाच: ‘अर्धा किलो, एकशे ऐंशी’ म्हणायचं आणि तोंड मिटायचं. ‘पण तुमच्यासाठी’ हे शब्द बंद. पहिल्यांदा त्यांनी तो भाव माझ्याचकडे बघून म्हटला आणि लगेच हसल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा पाकीट काढून मी पैसे मोजले.

अजून फार मोठा धंदा झालेला नाही. नेहमीची गिऱ्हाइकं आहेत, ती आणखी दोघांना आणतात. अकरा रील्स फोनमध्येच आहेत.

जुलैत त्यांनी दिलेल्या पुडीतली चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात: ‘पाऊस आहे, बाजरी निम्मी केली आहे. कोमट पाण्यात मळा. पंधरा दिवसांत संपवा, उरली तर मला कळवा, मी कमी देईन.’