घरच्या गव्हाणीतला नाताळ

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. यंदा कापसाचा पैसा देण्यातच गेला. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. केक, भेटवस्तू जमणार नाही. तरी नाताळ घरात आल्यासारखा वाटावा म्हणून काय करता येईल?

उत्तर : बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला बाळंत्याने गुंडाळून निजवलं ते गव्हाणीत. शहरातल्या मुलांना हा शब्द समजावून द्यावा लागतो. तुमच्या मुलांना गुरांच्या कोठ्यातल्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, वासही ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करा.

1 डिसेंबरला फळीची किंवा पुठ्ठ्याची वीतभर गव्हाण करून रिकामी ठेवा. रोज दिवेलागणीला लूकच्या पहिल्या अध्यायापासून फक्त 4 वचनं वाचा. पहिल्या अध्यायात 80 वचनं आहेत, म्हणजे तो 20 तारखेला संपतो. 24 च्या रात्री दुसऱ्या अध्यायाचं 16 वं वचन येतं : मेंढपाळांना गव्हाणीत निजलेलं बाळ सापडतं. बाळ ठेवायचं ते त्याच वेळी, आधी नाही. 25 ला 20 व्या वचनात मेंढपाळ देवाचं गौरव करत परततात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 8 वचनं वाचा, गाळू नका.

लूकमध्ये 24 अध्याय आहेत, म्हणून काही घरांत रोज एक अध्याय वाचतात. मोठ्यांना ते ठीक. लहान मुलं पहिल्याच संध्याकाळी 80 वचनांत पेंगतात, आणि 24 ला जन्माऐवजी पुनरुत्थान वाचलं जातं.

सोबत काडीची रीत ठेवा. कुणी न सांगता एखादं चांगलं काम केलं, आजीला पाणी नेऊन दिलं, की मुलाने गुपचूप एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळासाठी अंथरूण तयार होतं. काड्या मात्र कधीच मोजू नका. मोजल्या की भावंडांत चढाओढ लागते आणि बाळ बाजूला राहतं. सोयाबीनचं कुटार टोचतं, म्हणून धानाची तणीस किंवा कडब्याची वाळली पानं घ्या.

प्रश्न : मागच्या वर्षी शेतातल्या मातीची मरिया, योसेफ केले. दोन दिवसांत तडकले. काय चुकलं?

उत्तर : काळी माती ओली झाली की फुगते, वाळताना आकसते. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. कुंभाराची माती मिळाली तर उत्तम. नाहीतर दोन भाग चाळलेली काळी माती, एक भाग बारीक रेती आणि मूठभर बारीक कुटार कणकेइतकं घट्ट मळा. उंची चार-पाच बोटांपेक्षा जास्त नको. मान जाड ठेवा, हात वेगळे चिकटवू नका. त्याच गोळ्यातून ओढून काढा. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, मग चार-पाच दिवस सावलीत.

बैल करत बसू नका, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल चालतो. लूकमध्ये बैलाचा उल्लेख नाही, पण जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात धन्याला ओळखणारा बैल आहे, आणि संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणला होता. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी, मत्तयाच्या शुभवर्तमानात येतात, किती ते लिहिलेलं नाही. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मुलांना रोज थोडं पुढे सरकवू द्या. 6 जानेवारीला पोचू देत.

प्रश्न : चांदणीचा कंदील घरी कसा करावा?

उत्तर : वाळलेल्या बांबूच्या 2 फुटांच्या 10 कमच्या आणि 5 इंचांचे 5 तुकडे घ्या. ओला बांबू नको, तो आकसला की गाठी सैल होतात. पाच-पाच कमच्यांच्या दोन चांदण्या बांधा, एकीवर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळा. मग आतल्या पाच छेदांत तुकडे उभे अडकवले की पोट फुगतं. सगळे अडकवल्यावरच पतंगी कागद लावा. कणकेची खळ पातळ लावा. जाड थर डिसेंबरच्या दवाने भिजून सुटतो, म्हणून कंदील पडवीच्या आत टांगा. आत मेणबत्ती कधीच नको, लहान एलईडी दिवा पुरतो.