चोथा, तंतू की फायबर?

नाशिकला शुगर तपासणीच्या शिबिरात वाटलेल्या पत्रकात 'आहारातील चोथा पेशींमधील साखर शोषून घेतो' असं वाक्य आहे आणि इथे चोथा बरोबर की तंतू, असं तुम्ही विचारलंय. शब्दाचं बघूच, पण खरी गडबड क्रियापदात आहे हो.

चोथा म्हणजे रस निघून गेल्यावर उरतं ते, ऊस चावून थुंकतो तसं. गव्हाचा कोंडा, इगतपुरी-पेठकडच्या नागलीच्या भाकरीतला भरडपणा, याला चोथा म्हटलं तर चालेल, ते पाण्यात विरघळत नाही आणि पोट साफ ठेवायला कामाचं. पण शुगरसाठी जास्त उपयोगाचं ते दुसरं, पाण्यात विरघळणारं फायबर. चमचाभर मेथ्या रात्री वाटीत भिजत टाका आणि सकाळी बोट घालून बघा, बुळबुळीत लागतं ना, ते! इसबगोल, ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन, पेरूतलं पेक्टिन, सगळं त्याच गोतावळ्यातलं, आणि यात चोथाही दिसत नाही नि तंतूही.

आता 'शोषून घेतो'. साखर शोषतं ते आतडं, फायबर नाही. या बुळबुळीतपणामुळे खाल्लेलं दाट होतं, जठरातून हळूहळू पुढे सरकतं आणि ग्लुकोज रक्तात सावकाश उतरतं, म्हणजे फायबरमुळे शोषण मंदावतं, अर्थ बरोब्बर उलटा झाला की!

राहिल्या पेशी. फायबर काही पेशीत शिरत नाही, आपल्याला ते पचतच नाही. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट असली छोटी फॅटी अ‍ॅसिड्स निघतात, ती आतड्याच्या अस्तरातल्या एल-पेशींना चाळवतात, त्या जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात आणि रक्तात साखर चढलेली असली की ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, मग स्नायूंच्या पेशी साखर आत घेतात. एवढी लांबची वरात आहे, त्यात ही साखळी उंदरांत जितकी स्पष्ट दिसते तितकी माणसात दिसत नाही, म्हणून पेशींचं लिहायचंच असेल तर 'मदत करू शकतं' एवढंच लिहावं.

माझं मत विचाराल तर सरळ 'फायबर' छापा, पंचवटीतल्या आजीबाईंनाही कळतं. पाठ्यपुस्तकी हवं असेल तर 'तंतुमय पदार्थ'. आणि वाक्य असं करा: 'अन्नातल्या फायबरमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते.' पेशी त्यातून काढूनच टाका.