लेप, मुलामा की पुट?

प्रश्न असा आला आहे: लिथियम-आयन बॅटरीवरच्या मजकुराचं मराठी करताना ग्रॅफाइट ॲनोडवरच्या (ॲनोड म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांपैकी एक) ‘कार्बन कोटिंग’ला लेप म्हणावं की मुलामा? आणि ॲनोडला धनाग्र चालेल ना?

मुलामा आधी बाद करू. आत पितळ, वर सोनं, तो मुलामा. शब्दातच दिखाऊपणा आहे. इथे मिरवायचं काही नाही, ग्रॅफाइट सांभाळायचं आहे. पहिल्या चार्जिंगच्या वेळी उघड्या ग्रॅफाइटपाशी बॅटरीतल्या द्रावाचं विघटन होतं, कणांवर पापुद्रा धरतो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. हा पापुद्रा दुधावर साय धरावी तसा आपसूक धरतो, ते कोटिंग नव्हे. कोटिंग आधीच मुद्दाम करतात, ही साय बेताचीच धरावी म्हणून. पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई करतात, त्याच जातीचं काम. पण कल्हई म्हटलं की कथील आलंच, त्यामुळे इतका नेमका शब्द हातचा सोडावा लागतो.

लेप चुकीचा नाही, पण तो दुसरीकडे लागणार आहे. ग्रॅफाइटची भुकटी चिकटद्रव्यात कालवून तांब्याच्या अगदी पातळ पत्र्यावर पसरतात, तो खरा लेप. कणावरही लेप आणि पत्र्यावरही लेप म्हटलं, तर वाचक दुसऱ्याच वाक्याला अडखळेल.

मी ‘पुट’ सुचवेन. या कोटिंगची रूढ रीत अशी: कणांवर पिच, म्हणजे डांबराचा घट्ट भाऊबंद, चढवायचं आणि हवा लागू न देता हजारेक अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं. मागे राहतो अस्फटिक कार्बनचा पातळ थर. आता पुट म्हणजे थर (भिंतीला रंगाचं दुसरं पुट देतो तसं), आणि वैद्यांच्या बोलीत पुट म्हणजे भट्टी देणं. सहस्रपुटी अभ्रक भस्म आठवा. चढवणं आणि भाजणं, दोन्ही एका शब्दात बसलं. ‘कार्बनचं पुट दिलेलं ग्रॅफाइट’ असं खुशाल लिहा.

धनाग्र मात्र नको. शाळेतल्या विद्युत अपघटनात ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो, म्हणून तिथे तो धनाग्र. बॅटरी स्वतः वीज पुरवते तेव्हा ॲनोड हेच ऋण टोक. फॅरडेने १८३४मध्ये रूढ केलेल्या या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘वर जाणारी वाट’, धन-ऋणाचा त्यात पत्ताच नाही. ॲनोड तसाच ठेवा.