वाचक विचारतात : पाण्याच्या रांगेतून सभागृहात

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी गावातील महिला बचत गटांचे काम पाहते. दोन वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी पंचायतीकडे सतत पाठपुरावा करून सार्वजनिक विहिरीचा गाळ काढून घेतला आणि शाळेला पाण्याची टाकी मिळवली. आता सगळेजण सरपंचपदाला उभे राहण्याचा आग्रह करीत आहेत. ‘मृणाल गोरे साधी गृहिणी होती, पाण्याच्या प्रश्नावरून थेट दिल्लीला पोहोचली, मग तुम्हाला काय अवघड आहे,’ असे ते म्हणतात. तो प्रवास खरोखर इतका सरळ होता का? मला त्यातून काय घेता येईल?
— एक भगिनी, चिपळूण तालुका

उत्तर : आपल्याला भरीस घालणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, दाखला मात्र अर्धवट आहे. मृणालताई साध्या गृहिणी होत्या आणि एके दिवशी हंडा घेऊन रस्त्यावर उतरल्या, ही कथा सांगायला सोपी असली तरी तिच्यामुळे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची वर्षे गाळली जातात. 1928 साली जन्मलेल्या मृणाल मोहिले वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलाकडे ओढल्या गेल्या, ते शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी पूर्णवेळ कार्यकर्तीचे आयुष्य पत्करले आणि समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न केल्यावर गोरेगावात संसार मांडला. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार, वस्तीतील स्वच्छतेचे प्रश्न ही त्यांची 1950 च्या दशकातील कामे. 1958 साली केशव गोरे यांचे निधन झाले तेव्हा मृणालताई जेमतेम तिशीच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे 1961 साली, त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. म्हणजे पहिल्या पदापूर्वी त्यांच्या पाठीशी दहा-बारा वर्षांचे संघटनेचे शिक्षण होते. सभा कशी बोलवावी, पत्रक कसे काढावे, वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, मतभेद झालेल्या दोन बायकांना पुन्हा एका सतरंजीवर कसे बसवावे, हे सगळे त्यांनी पद नसताना शिकून घेतले होते. अकरा वर्षे बचत गटाची वही सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या बाईकडे हे शिक्षण आहेच. ते कुणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

पाण्याचा प्रश्न त्यांच्या वाट्याला कसा आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. 1957 साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आले. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. कारखाने आले, कामगारांच्या चाळी आल्या, झोपड्या आल्या, आणि पाणी मात्र जुन्या गावाच्या हिशेबानेच येत राहिले. माझ्या आत्याची खोली त्या काळी गोरेगाव पूर्वेच्या एका चाळीत होती. पहाटे 3:30 च्या सुमारास नळाला सूं सूं असा आवाज येई, तो पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा. त्या आवाजाने सारी चाळ जागी होई. आदल्या रात्रीच हंडे, कळश्या आणि कडी लावलेले डालडाचे डबे रांगेत मांडून ठेवलेले असत. ज्यांच्याकडे जास्तीचे भांडे नसे त्या वीट ठेवून नंबर धरीत, आणि ती वीट कुणी पायाने सरकवली की भांडण ठरलेले. आत्या म्हणायची, ‘मोर्चा दहाला असला तरी आमचा दिवस तीनलाच सुरू झालेला असतो.’ ‘पाणीवाली बाई’ हे नाव मृणालताईंना या बायकांनी दिले, ते कुठल्या प्रचारपत्रकातून आलेले नव्हते.

तरीही मोर्चाने पाणी येत नाही, हे मी मुद्दाम लिहितो. मोर्चाने अधिकारी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी येतो. पुढे कोणत्या वाहिनीचा व्यास अपुरा आहे, झडप कुठे आहे आणि ती कोण उघडतो, नव्या जोडणीचा खर्च अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरायचा, आणि अनधिकृत ठरवलेल्या झोपडीला नळ द्यायचा नाही या धोरणातून वाट कशी काढायची, हे सारे ज्याला विचारता येते त्याच्याच वस्तीत अखेर पाणी पोहोचते. मृणालताईंचे वेगळेपण मला इथे दिसते. बाहेर हंडे वाजत असताना त्या सभागृहात बसून प्रश्न विचारू शकत होत्या, आणि सभागृहात उत्तर टाळले गेले तर बाहेर पुन्हा हंडे वाजवू शकत होत्या. यांतला कोणताही एक हात त्यांनी सोडला असता तर दुसराही निकामी झाला असता, असे मला वाटते.

आता आपल्या गावाकडे येतो. उमेदवारी अर्जापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. वयाची 21 वर्षे पूर्ण असावीत आणि नाव गावच्या मतदार यादीत असावे. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली असेल तर अपात्रता येते. घरात शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचा दाखला लागतो. सरपंचाची थेट निवडणूक 2017 साली आली, 2020 साली रद्द झाली आणि 2022 साली पुन्हा लागू झाली, त्यामुळे आता आपल्याला केवळ एका वॉर्डाचा नव्हे, तर साऱ्या गावाचा विचार करावा लागेल. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ही आपल्या दृष्टीने सोयीची बाब आहे. निवडणूक झाल्यावर, जिंकलात किंवा हरलात तरी, खर्चाचा हिशेब 30 दिवसांत सादर करायचा असतो. तो न दिल्याने पुढील निवडणूक लढवण्यास अपात्र ठरलेल्या भल्या माणसांची संख्या थोडी नाही. गटाची वही दर महिन्याला जुळवणाऱ्या बाईला हे कठीण जाऊ नये.

त्याहून महत्त्वाची तयारी अर्जाच्या कितीतरी आधीची आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ही सभा फक्त इतिवृत्तात होते, म्हणजे रजिस्टर घरोघर फिरते आणि बायका चुलीपुढून उठून सही करतात. आपल्या गटांतील बायकांनी पुढची सही सभेत बसूनच करायची असे ठरवले, तर निवडणुकीचा निम्मा सराव तिथेच होईल. मागे एका पंचायतीच्या कार्यालयात गेलो असता सरपंचबाईंच्या नावाच्या पाटीमागे त्यांचे यजमान बसलेले पाहिले आणि ‘सरपंच बोलतोय’ असे म्हणत तेच फोन घेत होते. बाई बाजूच्या बाकावर होत्या. मी रोकडवहीविषयी विचारले तेव्हा मात्र यजमान गप्प झाले आणि बाईंनी पान क्रमांकासह उत्तर दिले. पुढच्या खेपेला खुर्ची कोणाकडे होती हे मला ठाऊक नाही, पण वही कोणाकडे आहे ते त्या दिवशी कळले.

प्रश्न : लाटणे मोर्चाविषयी वाचले. थाळ्या वाजवून आणि लाटणी दाखवून नेमके काय साधले? ते आंदोलन लाक्षणिकच नव्हते का?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लाक्षणिक होते, आणि म्हणूनच ते पसरले. 1972 च्या दुष्काळाच्या काळात तेल, साखर, रॉकेल, धान्य यांची टंचाई आणि भाववाढ इतकी झाली की रेशनच्या रांगेत उभे राहणे हेच बायकांचे दिवसभराचे काम होऊन बसले. त्या वेळी महागाईविरोधी संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि तिच्यात समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. या पक्षांतील पुरुष नेत्यांचे एकमेकांशी किती पटत होते, हे आपण राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी असल्याने सांगायला नको. लाटणे प्रत्येक घरात असते, ते विकत आणावे लागत नाही आणि ते हातात घेतलेल्या बाईला भाषण करावे लागत नाही. थाळीनादाला तर घराबाहेर पडण्याचीही गरज नव्हती. ज्या बाईला घरून मोर्चाला जायची परवानगी मिळत नसे, ती खिडकीत उभी राहून ठरलेल्या वेळी थाळी वाजवू शकत असे.

काय साधले, याचे एक उत्तर मतपेटीतही सापडते. मृणालताई 1972 सालीच विधानसभेवर निवडून आल्या होत्या, म्हणजे आमदार असताना त्या लाटणे घेऊन रस्त्यावर होत्या. आणीबाणीत भूमिगत राहून काम केल्यानंतर त्यांना अटक झाली आणि कारावास भोगावा लागला. 1977 च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली; दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. त्याच निवडणुकीत अहिल्याताईही मुंबईतूनच लोकसभेत पोहोचल्या आणि 1980 साली प्रमिलाताई. लाटणे मोर्चाच्या आघाडीवरच्या तीन बायका तीन वर्षांच्या अंतरात एकाच शहरातून संसदेत गेल्या, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

प्रश्न : आमच्या भागातील पाणी आणि कचऱ्याच्या प्रश्नांवर मी सात-आठ वर्षे काम करीत आहे. सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला तरच उमेदवारी मागा, असा सल्ला सगळे देतात. पुढच्या खेपेला तो खुला झाला तर केलेले काम वाया जायचे. या चक्राला उपाय काय?
— एक वाचक, मुंबई उपनगर

उत्तर : आपली अडचण खरी आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी आधी 30 टक्के, 1993 नंतर 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनुसार एक तृतीयांश आणि 2011 पासून 50 टक्के जागा राखीव आहेत; पण त्या सोडतीने फिरत असल्यामुळे एखाद्या प्रभागात मुळे धरलेल्या बाईला पाच वर्षांनी दुसरीकडे जाण्यास सांगितले जाते किंवा घरी बसवले जाते. 2017 साली इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, त्यामुळे तिथे जवळपास प्रत्येक प्रभागात महिलांना जागा होती. मुंबईत एका प्रभागाचा एकच सदस्य असतो, म्हणून ही झळ आपल्याला अधिक लागते.

मात्र आपल्याला मिळालेल्या सल्ल्यात एक गफलत आहे. खुला प्रभाग पुरुषांसाठी राखीव नसतो. मृणालताई 1961 साली निवडून आल्या तेव्हा महिलांसाठी आरक्षणच नव्हते, आणि पुढे विधानसभा, लोकसभा किंवा राज्याच्या विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद यांपैकी काहीही त्यांना आरक्षणातून मिळालेले नाही. अर्थात त्यांच्यामागे पक्ष होता. आपल्यामागे कोणता पक्ष आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि माझ्या मते आपला खरा प्रश्न तोच आहे. पक्षाला राखीव जागेसाठी बाई लागते तेव्हा तो अनेकदा कार्यकर्त्याच्या घरात शोधतो. खुल्या जागेसाठी बाईचा विचार करायला लावायचा असेल तर प्रभागाच्या पक्षबैठकांत, मतदार यादीच्या कामात आणि बूथच्या रचनेत आपण निवडणुकीच्या दोन-तीन वर्षे आधीपासून दिसायला हव्यात. ज्या पक्षाची धोरणे मुळीच पटत नाहीत त्याच्याकडे केवळ तिकिटासाठी जाऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी.

काम वाया जाते, हे मात्र मला मान्य नाही. मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून कमाल जमीनधारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेल्या जमिनीसाठी दीर्घ लढा दिला आणि दिंडोशीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुमारे 6,000 घरे उभी राहिली. मृणालताई कधी सभागृहात होत्या, कधी नव्हत्या. घरांचा पाठपुरावा सुरूच राहिला. आपल्या भागातील पाण्याच्या आणि कचऱ्याच्या तक्रारींची तारीखवार नोंद आपल्याकडे असेल तर ती पुढच्या नगरसेवकालाही डावलता येणार नाही, मग तो कोणीही असो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट अशी, की प्रभागरचनेचा आणि आरक्षणाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदत फार थोडी असते आणि नागरिकांच्या ती लक्षात येईपर्यंत संपून जाते, तेव्हा विभाग कार्यालयातील निवडणूक कक्षात आपल्या ओळखीचे एक माणूस आताच जोडून ठेवावे.