उपचार संपले, तरी आग का वाढते?

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोपचार गेल्या आठवड्यात संपले, मात्र त्वचेची लाली आणि आग वाढलीच आहे, शिवाय दुपारपर्यंतच गळून जायला होते. काही बिघडले आहे का?

उत्तर : बहुधा नाही. किरणांमुळे त्वचेच्या तळाशी नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो आणि हा परिणाम उशिरा वर दिसतो. म्हणून शेवटच्या सत्रानंतर १ ते २ आठवडे त्रास वाढून मग साधारण महिनाभरात त्वचा भरून येते. तोवर कोमट पाण्याने धुऊन, न घासता, हलके टिपून घ्यावे, डॉक्टरांनी सुचवलेले सुगंधविरहित मलम लावावे आणि सैल सुती कपडे वापरावेत. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत घर्षण अधिक असल्याने तेथे विशेष लक्ष द्यावे. त्वचा ओली होऊन सोलवटली, पू दिसला किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

थकव्याबाबत ‘नुसते पडून राहा’ हा प्रेमळ सल्ला फारसा उपयोगी नाही. झेपेल तेवढे रोजचे चालणे थकवा कमी करते, हे अभ्यासांतून दिसले आहे. पुढील काही महिन्यांत कोरडा खोकला किंवा धाप लागल्यास, त्याला सर्दी न समजता, किरणोपचार झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.